बाईसाहेबांचं घर

३ मार्च
पेटीची उबदार बाजू ३१ अंश, गार बाजू २६

दादा,

आधी बाईसाहेबांची खबर देते, कारण पाकीट उघडलंसच तर तेवढ्यासाठीच उघडशील. तब्येत ठणठणीत आहे. काल कात टाकली, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध, उलट्या मोज्यासारखी. डोळ्यांवरचे पापुद्रेसुद्धा निघालेत, मी भिंगातून बघितलं. तू काचेवर चिकटवून गेलास त्या कागदात लिहिलंयस ना, कात तुकड्यातुकड्यांनी निघाली तर समजायचं आतली ओल कमी पडतेय. तर ओल बरोबर पडतेय. शाबासकी पोस्टाने पाठव.

पाच महिन्यांत पहिल्यांदा लिहितेय. तुझा नवा नंबर घरात कोणाकडे नाही. धरणावरच्या क्वार्टरचा पत्ता तेवढा तू आईच्या हातात ठेवलास, "तिला काही झालं तर" म्हणून. तिला काही होत नव्हतं, म्हणून मी लिहीत नव्हते. मग एक दिवस वाटलं, म्हणजे आता सापाने आजारी पडल्याशिवाय आपण बोलायचंच नाही की काय?

तर, त्या कागदाबद्दल थँक्यू. तू गेलास त्या आठवड्यात मी काचेपुढे स्टूल टाकून नुसती बसायचे. तुझा कागद म्हणतो, 'वरून हात नेऊ नको, तिला घार आल्यासारखं वाटतं. बाजूने जा, मधोमध उचल, सगळं वजन हातावर घे. घाबरलेली ती असते, तू नाहीस.' हे शेवटचं वाक्य वाचून मी तीनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. चौथ्यांदा उचलली. मला वाटलेलं, बुळबुळीत असणार. कसली! चारशे नंबरचा पॉलिश पेपर मारून ठेवलेल्या शिसवासारखी लागली हाताला. माझ्यासारख्या पॉलिशवालीला एवढं पुरे होतं, त्या दिवसापासून माझी भीती गेली.

आता हात बसलाय. आधी तिला उशीच्या अभ्र्यात घालते, अभ्र्याला गाठ, आणि अभ्रा झाकणाच्या बादलीत. मग पेपर काढायचे, पाण्याचं भांडं ब्रशने घासायचं, लपायच्या दोन्ही पेट्या धुवायच्या. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून काच पुसायची, मग साध्या पाण्याने दोनदा, मग पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबायचं. आई दारातून बघत असते. काल म्हणाली, "पंधरवड्यातून एकदा जेवते, भांडी नाहीत, कपडे नाहीत, उलट बोलणं नाही. तुमच्या दोघांपेक्षा हीच पोटची वाटायला लागलीय." फ्रीजरमधल्या डब्यावर तिने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावलीय, 'उंदीर आहेत. आईस्क्रीम खालच्या कप्प्यात.'

ड्रॉवरच्या त्या प्रकाराबद्दल मला

(इथे तीन ओळी खोडल्यात. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, नीट गिरवून खोडल्यात.)

तुझी,
चिमटी


१४ मार्च
उबदार ३१.५, गार २६

दादा,

बस, म्हणजे बसून वाच. बाबा तुझ्या खोलीत आले.

तू गेल्यापासून त्या उंबऱ्याच्या आत पाऊल नव्हतं टाकलं त्यांनी. काल मी सफाई करत होते, हे दारात उभे. मी म्हटलं आता ओरडणार. तर काचेच्या पेटीवरच्या झाकणाकडे बोट करून म्हणाले, "हे कोणी केलं?"

"दादाने."

"कोपरे काटकोनात नाहीत." आत आले, झाकण हातात घेऊन एक डोळा मिटून कडेवरून बघितलं. "चाळीस वर्षं सुतारकाम करतोय मी आणि माझ्या घरात असलं झाकण?"

मग बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. ती लपायच्या पेटीतून तोंड बाहेर काढून यांच्याकडे बघत होती. दोघंही एकमेकांना 'आधी तू बोल' म्हणतायत असं वाटलं मला.

"लांबी किती हिची?"

"मोजता येत नाही, सरळ होतच नाही."

"दोऱ्याने मोज."

अशी मोजली रे आम्ही तिला! मी धरलेली आणि बाबा सुतळी तिच्या अंगाला न लावता, दोन बोटं वरून, तिच्या वळणावळणाने नेतायत. तीन फूट आठ इंच.

"वाढेल अजून?"

"फूटभर."

"मग पेटी साडेचार फुटांची पाहिजे. पाय पसरायला जागा नको?"

"बाबा, तिला पाय नाहीत."

"म्हणून काय झालं?"

रात्री जेवताना पानाच्या कडेला बोटाने नकाशा काढत होते. पुढून सरकती काच, मागे वायर जायला भोक, बाजूला हवेची जाळी. मला विचारून विचारून सगळं करतायत, म्हणजे तुझ्या कागदाला विचारून. मी वाचून दाखवते, ते मान हलवतात. एकदा म्हणाले, "लिहिलंय मात्र नीट." एवढंच. पण तुझ्याबद्दल चांगलं काहीतरी निघालं त्यांच्या तोंडून, म्हणून तुला कळवतेय.

आणि लाकूड कोणतं काढलंय माहितेय? माळ्यावरचं देवदार! त्या जुन्या इमारतीच्या पाडकामातनं आणलेलं, अकरा वर्षं कोणाला हात लावू दिला नव्हता. किती गिऱ्हाइकं मागून गेली. "चांगल्या कामाला ठेवलंय" म्हणायचे ना? ते चांगलं काम हे निघालं.

तुला काही सुचवायचं असेल तर लगेच लिही. नाही लिहिलंस तर मी समजेन की तुला पसंत आहे.

चिमटी


२३ मार्च
उबदार ३१, गार २५.५

बाईसाहेब नव्या घरात गेल्या.

दादा, तू बघायला हवं होतंस. एक खिळा नाही. कोपऱ्यांना बोटांत बोटं गुंतवल्यासारखे सांधे. काच बोटाने ढकलली तरी सरकते. पॉलिश मी करणार होते, तर "या लाकडाला काही लावायचं नाही, ते स्वतःच पुरेसं आहे" म्हणाले. पेपरसुद्धा घालू दिले नाहीत. "पेपरवर कोणी झोपतं का?" रंध्याने देवदाराचे पातळ पातळ वळसे काढले, पोतंभर, आणि आत चार बोटं जाडीची गादी घातली. घरभर घमघमाट सुटलाय म्हणे. आई म्हणते देवघरात बसल्यासारखं वाटतं. मला फारसं काही येत नाही, माझं नाक पॉलिशने केव्हाच मेलंय.

बाबा कामावरून आले की हातपाय धुवायच्या आधी वर जातात. काल तुझ्या स्टुलावर बसलेले. मला म्हणाले, "याला काय दिसत होतं हिच्यात?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच, "शांत आहे, नाही?"

ती हवेच्या जाळीला नाक लावून बसते दिवसभर. बाबा म्हणतात, हवा खातेय.

मनापासून सांगते, किती महिन्यांनी या घरात कोणीतरी कोणासाठीतरी काहीतरी केलंय. आज फक्त आनंदाचं पत्र.

चिमटी


६ एप्रिल
उबदार ३२, गार २८ (डॉक्टरीणबाईंनी वाढवायला सांगितलंय)

दादा, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय ते खरं आहे. बाईसाहेब आजारी आहेत.

दोनदा जेवण नाकारलं. मला वाटलं, नवं घर आहे, रुळेल. मग परवा बघितलं तर तोंड अर्धवट उघडं, मान वर ताणलेली, आणि श्वास घेताना आतून कढईत तेल तडतडावं तसा बारीक आवाज. नाकाशी फेसाचा बुडबुडा. मी अभ्रा शोधत होते तर बाबांनी स्वतःच तिला उचललं. पहिल्यांदाच. बाजूने, मधोमध, सगळं वजन हातावर. तुझा कागद पाठ झालाय त्यांना.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणजे सडसडीत, केस बॉबकट, बोलायला फटकळ. त्यांनी अभ्र्याची गाठ सोडली आणि सापाकडे बघायच्या आधी अभ्राच हुंगला.

"हा वास कसला?"

बाबा कौतुकाने म्हणाले, "देवदार. अस्सल आहे."

"पेटी देवदाराची?"

"पेटी, आणि आत गादीपण."

बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "काका, या लाकडातून जे तेल उडतं ना, त्यानेच आपल्याला तो सुगंध येतो. हिला ते विषारी आहे. बंद पेटीत, खालून ऊब, तोंडापासून चार इंचावर. दोन आठवडे हिने तेच श्वासात घेतलंय."

दादा, मी बाबांना गिऱ्हाइकाशी भांडताना बघितलंय, तुझ्याशी भांडताना बघितलंय. असे उभे राहिलेले कधीच बघितले नव्हते. हात पुढे होते, जसे तिला धरायला केलेले, आणि त्यांत काही नव्हतं.

"वाचेल?" एवढंच विचारलं त्यांनी.

"सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. "दर तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, सात द्यायची. साध्या प्लास्टिकच्या टबात ठेवा, खाली नुसते पेपर, रोज बदलायचे. ऊब वाढवा. आणि ते लाकूड त्या खोलीतसुद्धा नको."

इंजेक्शन घरीच द्यायचंय. पहिलं बाईंनी दाखवलं. धरायचं काम बाबांनी घेतलं, टोचायचं मी. घरी आल्यावर बाबांनी ती साडेचार फुटांची पेटी एकट्याने उचलून खाली वर्कशॉपमध्ये नेली. एकट्याने, दादा. कंबरेचं दुखणं असलेल्या माणसाने.

तिला काही झालं तर ते तुझ्या नजरेला नजर कधीच देऊ शकणार नाहीत. आणि मग तू यायचा राहशील तो कायमचाच. मला भीती त्याची आहे. तिची आहेच, पण जास्त त्याची.

दोन ओळी तरी लिही.

चिमटी


१७ एप्रिल
उबदार ३२, गार २८. चार इंजेक्शनं झाली. आवाज कमी आहे, गेलेला नाही.

दादा,

तुझं कार्ड आलं. आईने ते आधी स्वतः वाचलं, मग बाबांपुढे धरलं, मग मला दिलं. घरात तुझं अक्षर आलं म्हणून तिने सगळ्यांना गोड शिरा केला. पातेलं चाटूनपुसून रिकामं झालं.

तू लिहिलंयस, 'टब जमिनीवर ठेवू नका, गारवा चढतो. पाणी रोज बदला. पेपरवर छपाईची बाजू असली तरी चालते. तुझी आधीची तिन्ही पत्रं आली होती, मी उघडली नव्हती. देवदाराचं तेव्हा वाचलं असतं तर त्याच दिवशी कळवलं असतं. तेव्हा बाबांना कोणी काही बोलायचं नाही.'

शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं सांगत नाही. तू हे दुसऱ्यांदा केलंस, दादा. चूक कोणाचीही असो, आधी स्वतः जाऊन अंगावर घेतलीस.

मी खोडलेल्या ओळी आता नीट लिहिते.

झाकणाची खिटी मी काढली होती. तू बाहेर गेला होतास, मला मैत्रिणीला फोटो पाठवायचा होता. झाकण परत ठेवलं, खिटी टेबलावर राहिली. बाईसाहेब दोन दिवस हरवल्या, तू घर उपसलंस, मीही तुझ्याबरोबर शोधत होते, तोवर खिटी टेबलावरून उचलून मी खिशात टाकली होती. मग त्या हॉटेलवाल्या बाई तयार कपाट बघायला आल्या आणि त्यांनी ड्रॉवर ओढला, तर आत बाईसाहेब. ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. बाबांची इतक्या वर्षांची इज्जत गेली, गावभर बोभाटा झाला. कपाट परत आलं. बाबा तुझ्याकडे वळले आणि तू माझ्याकडे नजरही न टाकता म्हणालास, "चूक झाली." बाबा म्हणाले, या घरात एक तर तू राहशील, नाहीतर तुझं हे जनावर. तुझ्या क्वार्टरमध्ये प्राणी चालत नाहीत, म्हणून ती राहिली आणि तू गेलास.

तुला माहीत होतं. खिटी हरवलीय असं तुला वाटलं असतं, तर तू ती शोधली असतीस. तू एकदाही शोधली नाहीस.

मी तुझ्यावर इतके दिवस थोडी चिडलेलीही होते, हेही लिहून टाकते. कोणी आपल्यासाठी एवढं करून निघून गेलं की त्याचे आभार कुठे मानायचे तेच कळत नाही, मग राग येतो. आता येत नाही. रोज तो टब पुसते तेव्हा वाटतं, तू मला एक काम ठेवून गेलास म्हणून मी टिकले. त्याबद्दल थँक्यू. गप्प राहिलास त्याबद्दलही. पण आता मी गप्प राहणार नाही.

चिमटी


१९ एप्रिल
३२, २८

बाबांना सांगितलं.

रंधा मारत होते. मी म्हटलं, "बाबा, त्या वेळी झाकण दादाने उघडं टाकलं नव्हतं. मी टाकलं होतं."

रंधा थांबला. "कोणत्या वेळी?"

"ड्रॉवरच्या."

"मग तो चूक झाली असं का म्हणाला?"

"तुम्ही माझ्याकडे बघायच्या आत म्हणाला."

"आणि तू?"

"मी गप्प बसले."

बराच वेळ फळीवरचा भुसा तळहाताने एका जागी गोळा करत राहिले. मग म्हणाले, "वर जा. आत्ता माझ्यासमोर थांबू नकोस."

रागावलेत. रागवायलाच हवं होतं. जेवायला बसले नाहीत. आईही माझ्याशी बोलत नाही, वाढते फक्त. तरी इंजेक्शनच्या वेळेला वर आले, तिला धरलं, मी टोचलं, आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुई सरळ घाल. मागच्या वेळी तिरकी गेली होती."

एवढंच. बाकी पुढे.


५ मे
उबदार ३१, गार २६

दादा,

जेवली!

काल संध्याकाळी, दिवा लागायच्या सुमाराला. उंदीर कोमट पाण्यात गरम करून चिमट्याने पुढे धरला, मान मागे गेली आणि खपकन! बाबा माझ्या मागे उभे होते, दचकून दोन पावलं मागे सरले आणि मग लहान मुलासारखे टाळ्या वाजवायला लागले. आईने खालून विचारलं काय झालं. बाबा ओरडले, "जेवली गं!" शेजारच्यांना वाटलं असेल घरात नात आलीय.

सातही इंजेक्शनं कधीच झालीत. आवाज पूर्ण गेला. डॉक्टरीणबाई काल येऊन तपासून गेल्या, फुप्फुसं साफ म्हणाल्या. आणि तिच्यासाठी तिसरं घर तयार झालंय. या वेळी बाबांनी लाकडाचा तुकडा घेऊन दवाखान्यात जाऊन विचारलं. साधं प्लाय, वरून पाण्यात मिसळणारं वॉर्निश, ते मी मारलं, तीन हात, आणि मग पंधरा दिवस दारं सताड उघडी टाकून वाळवलं. बाईंनी पेटीत डोकं घालून हुंगलं, तेव्हा कुठे बाबांचा श्वास सुटला. देवदाराची पेटी त्यांनी सांधा सांधा सोडवून उघडली. फोडली नाही. फळ्या त्या डॉक्टरीणबाईंना दिल्या, त्यांना पुस्तकांचं कपाट करून देणार आहेत.

आता मुद्दा. बाबांनी मला माफ केलंय की नाही, माहीत नाही. तो विषय त्यांनी परत काढलेला नाही. पण पाच दिवस ते दिसेल त्याला विचारत होते, धरणाकडे गाडी कुठून मिळते. शेवटी आईच म्हणाली, "जायचंय तर जा की. गाडीला काय विचारताय, ती थोडीच नाही म्हणतेय?"

"जाऊन काय म्हणू त्याला?"

"माफी मागा."

"बापाने?"

"नाहीतर कोणी, शेजाऱ्यांनी?"

बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू लिहून दे. मी वाचून दाखवतो." मी नाही म्हटलं. माझ्या तोंडचं दुसऱ्याने बोलायचं, हे या घरात एकदा झालंय, पुरे झालं.

तर ते रविवारी निघतायत. दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचतील. हे पत्र जलद टपालाने पाठवतेय, म्हणजे आधी तुझ्या हातात पडेल. उघड, म्हणजे झालं.

आरशापुढे सराव चाललाय त्यांचा, मी ऐकलंय. काहीही जमत नाहीये. तुझ्या दारात उभे राहतील, घाम पुसतील आणि चौकटीकडे बघून म्हणतील, हे दार कोणी बसवलं, घासतंय. किंवा, वाळलास. किंवा, एवढ्या लांब कोणी राहतं का. पहिलं वाक्य चुकीचंच निघणार आहे, दादा, मी आत्ताच सांगते. त्यावर चिडू नकोस, उत्तरही देऊ नकोस. पाणी दे, बसव.

दुसरं वाक्य यायला त्यांना वेळ लागेल. तेवढा थांब.

चिमटी